घराचा हिशोब मे महिन्यात धरा

प्रश्न असा आहे. बेळगावात हिंडलग्याच्या बाजूला ३० बाय ४० चा प्लॉट आहे आणि घराचा नकाशा व्हायचा आहे. घरात आई-वडील, नवरा-बायको आणि दोन मुलं, म्हणजे सहा माणसं. पाच-सात वर्षांनी धाकटा भाऊ वरचा मजला बांधून राहायला येणार, मग दहा. एसी, दोन गिझर, फुल ऑटोमॅटिक मशीन, आरओ आणि बोअर, सगळं हवं आहे. नळाला सध्या चार दिवसांतून एकदा पाणी येतं. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या सोयी पर्यावरणाला झेपणार नाहीत. वडिलांचं म्हणणं, खरा दोष लोकसंख्येचा, आपण दोन बादल्या वाचवून काय होणार. गावाकडे, रायबागजवळ, एक एकर ऊसही आहे. तर नेमकं काय बसवावं आणि काय सोडावं?

वडिलांपासून सुरू करू, कारण त्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ४२ लाख होती, २०११ मध्ये जवळपास ४८ लाख झाली. वाढ खरी आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातला जननदर बाईमागे १.७ मुलं इतका खाली आला होता. म्हणजे पाळण्यांची संख्या आता आवरती आहे. वाढतात ती घरं. एका चुलीची तीन घरं झाली की माणसं तेवढीच राहतात, पण फ्रिज तीन, मोटारी तीन, गिझर तीन आणि बोअरही तीन होतात. आपल्या भागात जमिनीवरचा ताण या वाटेने वाढतोय. ही वाट घराच्या नकाशातून जाते, म्हणून ती तुमच्या हातात आहे.

मर्यादाही नीट ओळखायला हवी. आपल्याकडे पाऊस कमी पडतो असं म्हणायला तोंड नाही. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पडतो. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे याच्या कितीतरी पट. आणि अथणी-रायबागकडे शहराच्या निम्माच. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पश्चिमेचा जांभा चाळणीसारखा आहे, पाणी पितो आणि सोडूनही देतो. म्हणून ज्या गावांत श्रावणात छत्री मिटत नाही, तिथेच उन्हाळ्यात बायका घागरी घेऊन निघतात. शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकलवरून येतं, आणि मृग लांबला की राकसकोपची पातळी रोज पेपरात छापून येते. तेव्हा वर्षाची सरासरी विसरा. कुठलीही सोय बसवण्याआधी एवढंच विचारा: मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ही चालेल का, आणि ती चालवण्यासाठी दुसऱ्या कोणाची घागर रिकामी राहील का?

आता पाण्याचे आकडे. शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप आहे, जलजीवन मिशनने गावांसाठी ५५ धरलं आहे. कसलीही अडचण न सोसता नीट बांधलेलं घर माणशी ९० लिटरमध्ये चालतं: अंघोळ २५, संडासाचा फ्लश २५, कपडे १५, भांडी १२, पिणं-स्वयंपाक ६, फरशी आणि किरकोळ ७. सहा माणसांना ५४० लिटर, दहांना ९००. या ९० मध्ये राहायचं तर फ्लशची टाकी ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांची घ्या. जुन्या टाकीत एका वेळी १० लिटर आणि वर जातात. नळांना जाळीचे एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी तोंडं, लावा. शॉवर हवा असेल तर बसवा, पण मिनिटाला ८ ते १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटं उभं राहिलं की दोन बादल्यांच्या वर जातं, हे मुलांना माहीत असू द्या. थेंब-थेंब गळणारा एक नळ दिवसाला २० लिटर घालवतो. जवळपास एका माणसाच्या अंघोळीचं पाणी ते.

मशीन घ्या, जरूर घ्या. पण वरून उघडणारं एका धुण्याला १०० ते १५० लिटर घेतं, पुढून उघडणारं ५० ते ७०. सहा माणसांच्या घरात रोज एक धुणं धरलं तर महिन्याला १,८०० लिटरचा फरक पडतो. आरओच्या बाबतीत मात्र स्पष्टच सांगतो: बहुतेक वेळा तो विकणाऱ्याला हवा असतो, पाण्याला नको असतो. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर गटारात सोडतो. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात. आधी पाण्याची तपासणी करून घ्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराइड १ च्या आत असेल तर साधं गाळण आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा, पुरतं. ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ लावू नये असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं.

आता खोदाईचं. हा भाग नकाशाच्या वेळीच ठरवावा लागतो, कारण पार्किंगची फरशी पडल्यावर खाली कोणी खणत नाही. तुम्हाला दोन टाक्या लागतील. पहिली नळाच्या पाण्याचा सम्प, म्हणजे जमिनीखालची टाकी. आज चार दिवसांनी येणारं पाणी मेमध्ये आठ दिवसांवर जातं असं धरा. सहा माणसांना ५४० गुणिले ८, म्हणजे ४,३२० लिटर. दहा माणसांना ७,२००. भाऊ येणारच असेल तर आताच ७,५०० लिटरचा बांधा: आतून ८ फूट लांब, ६ फूट रुंद, पाण्याची खोली साडेपाच फूट. आता वाढवलेल्या तीन हजार लिटरचा खर्च नंतरच्या एका उन्हाळ्याच्या टँकरांपुढे काहीच नाही.

दुसरी टाकी पावसाची. छप्पर ९०० चौरस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. १,२०० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी हाती लागतं असं धरलं तर वर्षाला ८०,००० लिटर होतात. सगळं साठवायचा विचारही करू नका, तेवढी टाकी परवडणार नाही. साठवायचं फक्त पिण्या-स्वयंपाकाचं: सहा माणसांना रोज ३६ लिटर, नोव्हेंबर ते मे असे २१२ दिवस, म्हणजे ७,६०० लिटर. ७ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ६ फूट पाण्याची खोली धरली की ८,३०० लिटर मावतात. पुरे आहे. दोन्ही टाक्या एकाच खड्ड्यात शेजारी बांधा, पण मधली भिंत काँक्रीटची असू द्या आणि तिला दोन्ही बाजूंनी वॉटरप्रूफिंग करून घ्या. विटांची मधली भिंत दोन वर्षांत पाझरते, आणि पावसाचं चांगलं पाणी नळाच्या शिळ्या पाण्यात मिसळतं. झाकणाचा काठ पार्किंगपेक्षा सहा इंच वर ठेवा. गाडी धुतलेलं पाणी सम्पात उतरलेली घरं कमी नाहीत.

छपरावरून पाणी उतरवताना घाई नको. गच्चीला शंभरात एक उतार द्या, म्हणजे १० फुटांना सव्वा इंच. ४ इंची पाईप जोराच्या पावसात साडेचारशे चौरस फुटांचं पाणी सांभाळतो, म्हणून तुम्हाला दोन लागतील. एकच टाकला तर आषाढात गच्चीवर तळं साचतं, स्लॅब ओली राहते आणि मग दोष पावसाला देतात. प्रत्येक पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी धूळ, पक्ष्यांची घाण, पालापाचोळा घेऊन येतं. ८४ चौरस मीटरचं दीड-दोन मिलिमीटर म्हणजे १२५ ते १६५ लिटर बाहेर सोडायला हवं. बरेच प्लंबर यासाठी ६ इंची पाईपचा तीन फुटी तुकडा उभा करतात. त्यात १६-१७ लिटर मावतात, त्याने काही होत नाही. २०० लिटरचा ड्रम लावा. तो भरला की पाणी पुढे जाईल, आणि तळाच्या बारीक चावीतून तो आपोआप रिकामा होत राहील. वळवाचं पाणी मात्र टाकीत घेऊच नका. वळीव सगळ्यात घाण पाऊस, त्याने गच्ची धुऊन निघू द्या.

रेती, खडी, कोळसा भरलेला ड्रम-फिल्टर दुकानात छान दिसतो. आपल्याकडच्या पावसाला तो पुरत नाही. एवढ्याशा रेतीतून मुसळधार पाणी उतरत नाही, ड्रम वरून वाहतो, आणि जुलैत कंटाळून कोणीतरी रेतीच काढून टाकतो. त्यापेक्षा टाकीच्या आधी ३ बाय २ बाय २ फुटांचा गाळखड्डा करा. मध्ये आडवी भिंत, तिच्यावरून पाणी पलीकडे, तोंडाला स्टीलची बारीक जाळी. बारीक गाळण टाकीतून पाणी काढताना करा, स्वयंपाकघराच्या नळाआधी कार्ट्रिज लावून. जाळी पावसाळ्यात दर रविवारी झटकावी लागते. हे काम घरात कोणाचं ते आधीच ठरवा. पावसाच्या पाण्याच्या बहुतेक योजना जाळी न झटकल्याने बंद पडतात, बांधकाम वाईट असल्याने पडत नाहीत.

टाकी जूनमध्येच भरेल. १२५ मिलिमीटर पाऊस पडला की भरली. तेव्हा ती झाकून ठेवू नका. जून ते सप्टेंबर रोजच्या वापराला तीच चालवा, रिकामी होईल तशी पाऊस भरेल. चार महिन्यांत घराला ६५,००० लिटर लागतात आणि छप्पर तेवढं देऊ शकतं. मध्ये उघडीप पडते म्हणून सगळं नाही, पण बराच भाग निघतो, आणि तेवढं नळाचं पाणी दुसऱ्यांना राहतं. सप्टेंबरच्या मध्यावर टाकी रिकामी करून घासून घ्या, आणि शेवटच्या स्वच्छ पावसाने भरून बंद करा. उन्हाळ्याचं पाणी हेच. ८,००० लिटरला ५० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून निवू द्यायची, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि साका फेकायचा. झाकणातून उजेड आत जाता कामा नये. उजेड आला की शेवाळ आलंच.

बोअरबद्दल मत विचाराल तर मारू नका. ३० बाय ४० च्या लेआउटमध्ये दोन बोअर चाळीस फुटांवर असतात आणि खाली बऱ्याचदा एकाच भेगेतून पाणी ओढतात. तुम्ही चारशे फूट गेलात की शेजारी पाचशे जातो, पाणी मात्र तेवढंच राहतं. चार-पाच घरांत एक बोअर, त्याला मीटर, आणि ते पाणी फक्त फ्लश आणि कपड्यांना, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. सामायिक पाणी म्हटलं की भांडण होतं हेही खरं. म्हणूनच मीटर पहिल्या दिवशी बसवायचा. फ्लशची लाईन आताच वेगळी टाका आणि गच्चीवर ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा. बोअरचं पाणी नळाच्या लाईनीत उलटं जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विसरू नका. अंघोळीचं पाणी गाळून फ्लशला वापरा असं कोणी सुचवेल. घरगुती पातळीवर नको. ते पाणी एका दिवसात वास मारतं आणि टाकी साफ करायला कोणी तयार होत नाही. ते मागच्या बाजूला कर्दळ, अळू, केळी यांना सोडा. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी मात्र त्यात घालू नका, माती चिकट होऊन पाणी जिरायचं थांबतं.

बोअर नको म्हणण्यामागे आणखी एक मोठं कारण आहे: संडासाची टाकी. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा उद्भव यांत निदान १५ मीटर अंतर असावं. चाळीस फूट खोलीच्या प्लॉटमध्ये हे अंतर तुमच्या स्वतःच्या हद्दीतही बसत नाही. शिवाय मागच्या शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या भिंतीला लागून असू शकतो. जांभ्यातून मैला-पाणी फार लवकर पसरतं. म्हणून सम्पाची जागा ठरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या घरांचे खड्डे कुठे आहेत ते विचारून नकाशावर खुणा करा. तुमची सेप्टिक टाकी पूर्ण काँक्रीटची असू द्या. दहा माणसांसाठी साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेचार फूट पाण्याची खोली लागते, आणि दर दोन वर्षांनी उपसा. भुयारी गटाराची लाईन पोचली असेल तर तिलाच जोडा. एकच पंधरा-वीस फुटी खड्डा खणून 'हा कधी भरतच नाही' असं अभिमानाने सांगणारे गवंडी भेटतील. तो भरत नाही कारण तो सरळ भूजलात रिकामा होतो. आजूबाजूला असे खड्डे असतील तर पावसाचं जादा पाणी जमिनीत मुरवायचा हौशी खड्डाही घेऊ नका. तुम्ही घाणीला वाट करून द्याल. गावाकडे, जिथे अंगण मोठं आहे, तिथे दोन खड्ड्यांचा संडास उत्तम: पाच-सहा माणसांना मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल असे दोन, एक भरला की वाट दुसऱ्याकडे वळवायची.

आता गारव्याकडे येऊ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपार तापते, पण रात्री हवा उतरते. रात्री उकडतं ते स्लॅबमुळे. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दहापर्यंत खाली ऊन सोडत राहते, आणि आपण तिच्याशी भांडायला एसी लावतो. आधी स्लॅब थंड करा. गच्चीवर चुन्याचे दोन हात हा स्वस्त उपाय आहे, पण आपल्या पावसात तो एका हंगामात वाहून जातो, आणि तुमच्या पिण्याच्या टाकीत उतरतो. ज्या गच्चीचं पाणी प्यायचं तिच्यावर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचा थर द्या. ऊन परततं, धुता येतो, पाणी खराब होत नाही. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, मेअखेर एकदा खराट्याने घासून घ्यावं लागतं. वरचा मजला येणार असेल तर हा खर्च आता करू नका, चार महिने हिरवी जाळी उभारून भागवा. पश्चिमेच्या भिंतीला खोल छज्जा द्या आणि तिथे झोपायची खोली काढू नका, जिना किंवा न्हाणी काढा. समोरासमोर खिडक्या असाव्यात, आणि छताजवळ झरोके. जुन्या कौलारू घरांत गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची, स्लॅबच्या घराला ती वाट आपण ठेवतच नाही.

एवढं करून एका खोलीत, आई-वडिलांच्या, एसी बसवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. १२० चौरस फुटांना एक टन पुरतो, २६ वर ठेवून वर पंखा हळू चालवायचा. रात्री सहा-सात युनिट, दोन महिन्यांचे चारशेच्या आसपास. आता पंखे बघा. ७५ वॅटचे सहा जुने पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला १६० युनिट जातात, ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, असतील तर ६५. नुसत्या पंख्यांत वर्षभरात एसीच्या दुपटीहून जास्त वीज वाचते. कूलर मात्र बेळगावात घेऊ नका. अथणी-रायबागच्या कोरड्या उन्हात तो चांगला चालतो, पण दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो, तेही नेमकं मेमध्ये. आणि मृग लागला की त्याची हवा दमट चादरीसारखी अंगाला चिकटते.

गरम पाण्याला सोलर घ्याच. आपली मंडळी वैशाखातही कढत पाण्याने अंघोळ करतात. गिझरवर सहा अंघोळींना रोज अडीच युनिट, महिन्याला ७०-७५. सहा माणसांना २०० लिटरचा सोलर पुरतो. तोंड दक्षिणेला, उतार २५ ते ३० अंश, म्हणजे थंडीतलं खालचं ऊन नीट मिळतं. पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या प्लेटमध्ये क्षार बसतात आणि तीन-चार वर्षांत ती चोंदते. तिथे काचेच्या नळ्यांचा घ्या, आणि सोलरला बोअरचं पाणी जोडूच नका. मोठी चूक पाइपात होते. पाऊण इंची पन्नास फूट पाइपात पाच लिटर थंड पाणी अडकलेलं असतं, प्रत्येक जण ते सोडून देतो आणि सहा अंघोळींत तीस लिटर मोरीत जातात. दोन्ही न्हाण्या एकावर एक आणि सोलरच्या खाली काढा, पाइपाला फोमचं आवरण द्या, अंघोळी पाठोपाठ करा. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हा एक १५ लिटरचा गिझर लागतो. दुसरा नको. गावाकडचा तांब्याचा बंब करवंट्यांवर आणि तुराट्यांवर चालत असेल तर त्याला मोडीत काढू नका, फक्त उघड्यावर पेटवा. रानातून लाकूड तोडून मात्र नको.

छतावरच्या सोलर विजेबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, लाईट गेली तरी आपलं घर उजळेल. नाही. ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाईन बंद झाली की स्वतः बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला करंट लागेल. त्या वेळेसाठी इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी लागते. दोन, सगळ्यांना फायदा होतो. एक किलोवॅटला १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट मिळतात, आषाढात निम्मेच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० अनुदान आहे. पण राज्याच्या गृहज्योती योजनेत ठरलेल्या मर्यादेत, २०० युनिटच्या आत, राहणाऱ्या घराचं बिल तसंही शून्य येतं. पंखे-सोलरची व्यवस्था केल्यावर तुमचं घर वर्षातले बहुतेक महिने २०० च्या आत राहील, फक्त नव्या घराला मर्यादा किती मिळते ते आधी विचारून घ्या. शिवाय वरचा मजला आला की पॅनेल उतरवून पुन्हा चढवावी लागतील. म्हणून आता फक्त गच्चीपासून मीटर बोर्डापर्यंत दीड इंची रिकामा पाईप भिंतीत टाकून ठेवा. पॅनेल भावाच्या मजल्यानंतर.

आता उसाकडे. रायबागकडे एक एकर उसाला हंगामात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं. त्यातलं पाचशे पाऊस देतो असं धरलं तर दीड हजार तुम्ही देता. एक एकरवर दीड मीटर उंच पाणी म्हणजे ६० लाख लिटर. तुमचं सहा माणसांचं घर वर्षभरात २ लाख लिटर वापरेल. म्हणजे तुमचा एक एकर ऊस तुमच्यासारख्या तीस घरांचं पाणी पितो. वडिलांना हा आकडा दाखवा. उन्हाळ्यात कृष्णा कोरडी पडली की कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे मागणी करावी लागते, त्या कोरडेपणात डोक्यांपेक्षा सऱ्यांचा वाटा मोठा आहे. ऊस सोडा असं सांगत नाही. कारखाना दारात आहे, दर ठरलेला आहे, दुसऱ्या पिकाला तो भरवसा नाही. पण पाटाच्या पाण्याऐवजी ठिबक केलं तर साधारण तिसरा हिस्सा वाचतो, म्हणजे २० लाख लिटर, दहा घरांचं. जोडओळीत एक लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, आणि तिच्यावर दीड फुटावर ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड. बोअरचं जड पाणी असेल तर ड्रीपर क्षारांनी बंद होतात, वर्षातून एक-दोनदा ॲसिड सोडावं लागतं. उंदीर नळ्या कुरतडतात. आणि बहुतेक लोक फिल्टर धुवायचा कंटाळा करतात, मग शेवटच्या ओळी वाळतात आणि 'ठिबक आपल्याकडे चालत नाही' असा निकाल लागतो.

उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवू नका. एकरी तीन-चार टन निघतं. सरीत पसरून त्यावर ३० किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून पाणी द्या. खोडव्याची एक-दोन पाणी वाचतात, तण दबतं, मातीला खत होतं. गोठ्यात दोन म्हशी आणि दोन गाई असतील तर रोज ४५-५० किलो शेण मिळतं, त्यावर २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि पाच माणसांचा स्वयंपाक होतो. शेण आणि पाणी समसमान कालवायचं, माती-खडे आत जाऊ द्यायचे नाहीत. डिसेंबरच्या थंडीत गॅस कमी पडतो, तेवढ्यापुरता सिलिंडर ठेवायचा.

पैसा मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा: दोन्ही टाक्या आणि वेगळी फ्लश लाईन, काँक्रीटची सेप्टिक, पश्चिमेची सावली आणि झरोके, मग सोलर हीटर आणि पंखे, मग मशीन, शेवटी एसी. पहिली तीन कामं बांधकाम चालू असतानाच होतात, बाकीची कधीही होतात. माणसं नेमकी उलट सुरुवात करतात, कारण एसी दिसतो आणि सम्प दिसत नाही.

वरच्या मजल्याच्या पाण्याच्या लाईनीवर पहिल्याच दिवशी वेगळा मीटर बसवा, खालच्यावर एक. दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. माणशी ९० च्या वर आकडा गेला की आधी फ्लशच्या टाकीचा रबरी वॉशर बघा. दहातल्या सात वेळा तोच गळत असतो.